खारपाणपट्ट्यात पिकअपचे कूलंट कसे निवडावे आणि कसे सांभाळावे

दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी वाहतूकदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे जुनी विकत घेतलेली डिझेल पिकअप आहे. हंगामात ती जिनिंगला कापूस नेते आणि उरलेल्या काळात संत्री व टरबूज वाहते. रेडिएटरमध्ये पूर्वी हिरवे कूलंट होते आणि पातळी उतरली की त्यात घरच्या बोअरचे पाणी घातले जात होते. आता दुकानातून लाल रंगाचा कॅन मिळाला आहे. गावातील मेकॅनिकचे म्हणणे असे की आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा कूलंटवर पैसे घालण्यापेक्षा थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकावा आणि साधे पाणी चालवावे. मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीजवळ जातो. अशा स्थितीत कोणते कूलंट घ्यावे, किती घालावे आणि केव्हा बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

लाल की हिरवे, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. आपल्या गाडीचे खरे नुकसान बोअरच्या पाण्याने होत आहे, आणि ते पाणी थांबवल्याशिवाय कितीही महागाचा कॅन आणला तरी त्याचा लाभ मिळणार नाही. म्हणून पाण्याविषयी मी सविस्तर लिहितो आणि रंगाविषयी त्यानंतर.

प्रथम मेकॅनिकच्या म्हणण्याकडे पाहू, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कूलंटमधील मुख्य द्रव्य इथिलीन ग्लायकॉल हे थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून वापरले जाऊ लागले, आणि निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, ज्याचा विदर्भात काहीही उपयोग नाही. त्याहून पुढे जाऊन हेही मान्य करावे लागेल की उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच सरस आहे: एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, तर निम्म्या मिश्रणाला सुमारे ३.५ किलोज्यूल पुरते. त्यामुळे ‘कूलंट जितके घट्ट तितकी गाडी थंड’ ही समजूत चुकीची आहे, आणि कॅनमधील घट्ट द्रव पाणी न मिसळता तसाच ओतणारे लोक आपल्या हाताने गाडी गरम करतात.

मग कूलंट घालायचे कशासाठी? दोन कारणांसाठी. एक म्हणजे उकळबिंदू. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते आणि चिखलदऱ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ११०० मीटरवर, ते ९६ अंशांच्या जवळपासच उकळू लागते. निम्मे मिश्रण मोकळ्या भांड्यातही १०६ ते १०८ अंशांपर्यंत टिकते. रेडिएटरच्या झाकणाने सुमारे ०.९ बार दाब धरला, तर सपाट प्रदेशात पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते आणि निम्मे मिश्रण १२५ च्या पुढे जाते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना हे सात-आठ अंश फार मोलाचे असतात, कारण इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरील झाकणासारख्या भागात), एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, द्रव एकदा उकळला की तेथे वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ धातूची उष्णता घेऊ शकत नाही आणि तेवढ्याच जागी हेड वाकते किंवा त्याला तडा जातो. काटा लाल पट्टीत पोहोचण्याआधीच हे घडू शकते.

दुसरे कारण गंजाचे आहे, आणि आपल्या भागात मी त्यालाच पहिले मानतो. अॅल्युमिनियमचे हेड, लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमचा किंवा तांबे-पितळेचा रेडिएटर, वॉटर बॉडीचा (म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचा) पंखा आणि सील, हे सर्व एकाच द्रवात बुडालेले असतात. वेगवेगळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात राहिले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि कमकुवत धातू झिजत जातो. कूलंटमध्ये ग्लायकॉलखेरीज गंजरोधक द्रव्ये थोड्या प्रमाणात मिसळलेली असतात, आणि आपण कॅनचे जे पैसे देतो ते खऱ्या अर्थाने त्यांचे असतात.

आता पाणी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला पट्टा, आपल्याला सांगायला नको. ज्या पाण्याने ओलित केले तर जमीन बिघडते, ते पाणी रेडिएटरमध्ये चालेल असे मानण्याला आधार नाही. इंजीन बनवणारे सर्वसाधारणपणे असे पाणी मागतात की ज्यात क्लोराइड लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा, सल्फेट १०० पेक्षा, एकूण कठीणपणा १७० पेक्षा आणि सर्व विरघळलेले क्षार ३४० पेक्षा जास्त नसावेत. खारपाणपट्ट्यातील अनेक बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षारच हजारांच्या घरात जातात. यातील क्लोराइड अॅल्युमिनियमवरील संरक्षक थर फोडून त्याला सुईच्या टोकाएवढी भोके पाडते, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम गरम पृष्ठभागावर पांढऱ्या थरासारखे बसते. हा थर नेमका तेथेच बसतो जेथे उष्णता सर्वाधिक असते, म्हणजे हेडच्या आतील बाजूस, आणि तो उष्णता अडवतो. शिवाय पातळी उतरते तेव्हा बहुतेक वेळा पाण्याची वाफ जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून वरचेवर बोअरचे पाणी घालणाऱ्या गाडीत क्षारांचे प्रमाण बोअरच्या पाण्यापेक्षाही वाढत जाते. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

घट्ट कूलंट घेतले असेल तर मिसळण्यासाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेले) पाणी वापरावे, जे कोणत्याही बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते. मात्र तेथेच विकले जाणारे बॅटरीचे अॅसिड आणि हे पाणी यांचे कॅन सारखेच दिसतात, म्हणून लेबल वाचूनच घ्यावे. घरच्या आरओ यंत्राचे पाणी अडचणीला चालेल, पण खाऱ्या बोअरवर बसवलेल्या आणि पडदा जुना झालेल्या यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (सर्व विरघळलेले क्षार) मोजून पाहावा. पाणी मिसळण्याची कटकट नको असेल तर तयार मिश्रणाचा कॅन घ्यावा. तो लिटरमागे महाग पडतो, परंतु आपल्या गावात चांगले पाणी हाताशी नसेल तर मला तोच व्यवहार शहाणपणाचा वाटतो.

रंगाबाबत एवढे पक्के धरावे की रंग हा कंपनीने मिसळलेला रंग असतो आणि त्यासाठी सर्वांना बांधील असा कोणताही नियम नाही. हिरव्या रंगात जुन्या पद्धतीचे आणि नव्या पद्धतीचे, दोन्ही प्रकारचे कूलंट मिळते. लाल आणि गुलाबीचेही तसेच आहे. ज्याला महत्त्व आहे तो गंजरोधकाचा प्रकार. जुन्या पद्धतीत सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट यांसारखे अकार्बनी क्षार असतात, जे धातूवर लगेच थर चढवतात परंतु लवकर संपतात. अशा कूलंटचे आयुष्य साधारणपणे २ वर्षे धरतात. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात, जे गंज सुरू होतो तेथेच काम करतात आणि हळू संपतात. त्यांचे आयुष्य सुमारे ५ वर्षांपर्यंत सांगितले जाते. तिसरा प्रकार दोहोंच्या मिश्रणाचा, ज्यात सेंद्रिय आम्लांसोबत थोडे सिलिकेट किंवा फॉस्फेट असते. येथे खारपाणपट्ट्यातील माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फॉस्फेट असलेले कूलंट कठीण पाण्यात मिसळले तर पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन साका आणि थर तयार होतो. युरोपातील वाहन उत्पादकांनी तेथील कठीण पाण्यामुळे फॉस्फेट टाळले आणि जपानी उत्पादकांनी वॉटर पंपाच्या सीलसाठी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवले. डिस्टिल्ड पाणी वापरणाऱ्याला हा प्रश्न उरत नाही.

लाल आणि हिरवे एकत्र झाल्याने गाडी त्याच दिवशी बंद पडते, अशी भीती घालणारेही भेटतात. तसे सहसा होत नाही. मात्र दोन प्रकार मिसळले की दीर्घायुषी कूलंटचे दीर्घ आयुष्य संपते, आणि काही मिश्रणांत सिलिकेट बाहेर पडून जेलीसारखा गाळ तयार होतो, जो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. आपल्या गाडीत आधी काय होते हे कोणालाच नक्की माहीत नाही आणि त्यात बोअरचे पाणीही आहे, म्हणून लाल कॅन त्यावर ओतू नये. सर्व काढून, धुऊन, मग एकच प्रकार भरावा. कोणता, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचा. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो वा दोस्त, पुस्तिकेत कूलंटचा प्रकार, प्रमाण आणि एकूण क्षमता दिलेली असते. जुनी गाडी घेताना पुस्तिका मिळाली नसेल तर कंपनीच्या अधिकृत सुटे भाग विक्रेत्याकडे मॉडेल आणि वर्ष सांगून विचारावे. बाजारातील कॅन घेताना त्यावर भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काही नमूद आहे का, गंजरोधकाचा प्रकार लिहिला आहे का आणि तो घट्ट आहे की तयार मिश्रण, हे पाहावे. यांपैकी काहीच न लिहिता फक्त ‘सुपर कूलंट’ असे छापलेला स्वस्त कॅन म्हणजे पुष्कळदा रंगीत पाणी असते. कूलंट तपासण्याचे रिफ्रॅक्टोमीटर नावाचे लहान उपकरण असलेल्या गॅरेजमध्ये त्याचा एक थेंब टाकला की ग्लायकॉल किती आहे ते तेथेच कळते.

प्रमाणाबाबत माझे मत असे आहे की पुस्तिकेने वेगळे सांगितले नसेल तर आपल्या भागात निम्मे-निम्मे ठेवावे. गोठण्याचा विचार करता एक तृतीयांश कूलंटही पुरते आणि त्याने उष्णतेची वाहतूक थोडी सुधारते, परंतु गंजरोधक घट्ट द्रवासोबतच येतात आणि आपल्या इंजिनात जुने क्षार काही प्रमाणात राहणारच आहेत, म्हणून मी गंजरोधकांना झुकते माप देतो. ६० टक्क्यांच्या वर कधीही जाऊ नये.

बदलताना जी चूक सर्रास होते ती हिशेबाची. समजा गाडीची एकूण क्षमता ८ लिटर आहे. रेडिएटरचा खालचा नळ उघडला की सगळे ८ लिटर निघत नाही. ब्लॉकमध्ये समजा ३ लिटर राहते. साध्या पाण्याने धुतल्यानंतर हे ३ लिटर म्हणजे पाणीच असते. आता त्यावर निम्म्या प्रमाणाचे तयार मिश्रण ५ लिटर ओतले, तर त्यात ग्लायकॉल अडीच लिटर, म्हणजे ८ लिटरमध्ये जेमतेम ३१ टक्के. मालकाला वाटते निम्मे भरले, प्रत्यक्षात तिसरा हिस्साही नाही. म्हणून धुतल्यानंतर आधी घट्ट कूलंट ४ लिटर भरावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी, किंवा ब्लॉकवरील ड्रेन बोल्ट उघडून तेही रिकामे करावे. धुण्यासाठी शेवटच्या दोन वेळा तरी डिस्टिल्ड पाणीच वापरावे, नाही तर ब्लॉकमध्ये मागे राहणारे ते ३ लिटर पुन्हा बोअरचेच असते. आत पांढरा थर किंवा तांबडा गाळ जमला असेल तर रेडिएटर फ्लशचे द्रावण लेबलवर दिलेल्या वेळेपुरते चालवून काढून टाकावे. कपडे धुण्याचा सोडा किंवा फरशीचे अॅसिड घालणाऱ्यांच्या गाडीचे अॅल्युमिनियम त्यातच खाल्ले जाते.

भरताना गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवावे, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो उघडावा, हळूहळू ओतावे, इंजीन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आणि वरचा होज पाईप गरम होईपर्यंत थांबावे, मध्येमध्ये होज दाबून अडकलेली हवा सोडावी, आणि इंजीन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. हवा अडकली असेल तर काटा फसवतो: सेन्सर द्रवात नसून हवेत असेल तर इंजीन तापलेले असतानाही काटा खालीच राहतो.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मानू नये. तो साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि इंजीन योग्य तापमानावर ठेवतो. तो काढला की जानेवारीच्या सकाळी इंजीन तासभर थंडच चालते, डिझेल जास्त जाते आणि सिलिंडरची झीज वाढते. ज्या इंजिनांत हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासचा (रेडिएटर टाळून इंजिनातच परत जाणारा) मार्ग बंद करतो, त्यांत तो काढल्यावर बरेचसे कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच फिरत राहते आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर तो काढून, पातेल्यातील पाण्यात थर्मामीटरसह गरम करून, कोणत्या अंशाला उघडतो ते पाहावे आणि बिघडला असेल तर त्याच अंशाचा नवा बसवावा.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणाचेच लक्ष नसते, आणि घाटातील त्रासाचे मूळ कित्येकदा तेथेच सापडते. रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली की झाकण दाब धरत नाही, आणि वर सांगितलेला उकळबिंदूचा सर्व लाभ जातो. झाकणात एक लहान उलटा व्हॉल्व्हही असतो, जो इंजीन थंड होताना रेडिएटरला जोडलेल्या राखीव बाटलीतील कूलंट परत ओढून घेतो. तो अडकला तर थंड इंजिनावर वरचा होज चपटा झालेला दिसतो. नवे झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडाच घ्यावा. जास्त आकड्याचे झाकण बसवले तर जुना रेडिएटर किंवा होज फुटू शकतो.

आपल्या गाडीच्या बाबतीत बाहेरची बाजूही तितकीच तपासावी लागेल. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे आतील द्रव आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. हिवाळ्यात हवा १५ अंश आणि कूलंट ९५ अंश असेल तर फरक ८० चा, मे महिन्यात हवा ४५ असेल तर फरक ५० चा, म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच हवेत जवळपास पाच-अष्टमांश काम करतो. त्यातच हंगामभर कापसाचे तंतू, सोयाबीनच्या मळणीचे कुटार आणि रस्त्याची धूळ जाळीत बसलेली असेल तर घाटात काटा चढणारच. एसीचा कंडेन्सर किंवा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असेल तर समोरून सगळे स्वच्छ दिसते आणि दोहोंच्या मध्ये कापसाची गादी तयार झालेली असते, ती टॉर्च लावून वरून पाहिल्याशिवाय दिसत नाही. हवा नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारावी आणि सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पत्र्याच्या पापण्या वाकवून घेऊ नयेत. फॅन बेल्टचा ताण आणि पंख्याचा विस्कस क्लच (उष्णतेनुसार पंख्याचा वेग वाढवणारा भाग) यांची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.

पातळी पहाटे, इंजीन थंड असताना, बाटलीवरील दोन रेषांच्या मध्ये पाहावी. चांगल्या स्थितीतील बंद यंत्रणेत पातळी फारशी उतरत नाही, त्यामुळे दर आठवड्याला भर घालावी लागत असेल तर गळती शोधावी: वॉटर बॉडीच्या खालच्या छिद्राजवळ रंगीत पापडी, होजच्या क्लिपजवळ ओल, आणि बाहेर काहीच न दिसता पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सील). ऑइलच्या झाकणाखाली चहासारखा फेस, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे किंवा सुरू करताना एक्झॉस्टमधून पांढरा गोडसर धूर दिसला तर कूलंट बदलण्याच्या फंदात न पडता आधी गॅस्केट तपासावे. गळती थांबवण्यासाठी हळद घालण्याचा उपाय आडरानात गावापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक मानला, तरी ती हळद नंतर रेडिएटरच्या नळ्यांतच राहते.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करावा, खालच्या गिअरवर सावकाश चालवावे, आणि तरीही चढत असेल तर बाजूला थांबावे. वाफ येत नसेल तर इंजीन एक-दोन मिनिटे रिकामे चालू ठेवावे, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतात. वाफ येत असेल तर तत्काळ बंद करावे. झाकण किमान अर्धा तास उघडू नये, कारण दाब सुटताच आतील द्रव उसळून चेहऱ्यावर येतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला तडा जाऊ शकतो. सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणाऱ्यांनी किंवा समृद्धी महामार्गावरून मुंबईला संत्री नेणाऱ्यांनी गाडीत तयार मिश्रणाचा एक कॅन ठेवावा, म्हणजे वाटेतील हापशाचे पाणी घालण्याची वेळ येत नाही. आलीच तर तेवढे पाणी घालून गाव गाठावे आणि पुढच्या आठवड्यात सर्व बदलावे.

आता बदलल्यानंतर पुढचा बदल दोन वर्षांनी करावा, कॅनवर पाच वर्षे लिहिलेली असली तरी, कारण जुने क्षार पूर्ण निघाले याची खात्री पहिल्या धुण्यात होत नाही. त्या बदलात निघालेले कूलंट स्वच्छ दिसले, गाळ नसला, तर त्यापुढे कॅनवरील मुदत पाळायला हरकत नाही.

काढलेले कूलंट धुऱ्यावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री आणि गुरे ते पितात, आणि मोठ्या माणसालाही सुमारे १०० मिलिलिटर जीवघेणे ठरू शकते. कोणी प्यायल्याचा संशय आला तर त्रास दिसण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि सोबत कॅन न्यावा. जुने कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे ते घेतात का हे विचारून तेथे द्यावे. रिकामा कॅन शेतात पिण्याच्या पाण्यासाठी नेण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून तो घरी आणण्यापूर्वी त्याला भोक पाडावे.